पटावरची मालू

हेडक्लार्कांनी अर्ज एकदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला, डाव्या हाताची पेरे अंगठ्याने मोजली आणि कागद खिडकीतून परत सरकवीत ते म्हणाले, "बाद."

"बाद?"

"एक जूनला तुला अठरा पूर्ण होतात. अट काय लिहिली आहे? एक जून रोजी अठरा पूर्ण झालेली नसावीत. मालू काशीराम घरत, एक दिवस उशिरा जन्मली असतीस तर काय बिघडलं असतं गं तुझं?" आपल्याच विनोदावर ते हसले, आणि मागच्या मुलीचा कागद घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. हात पुढे आला म्हणजे आपण बाजूला व्हायचे असते, ती झाली.

एकोणीसशे एकोणसाठचा एप्रिल होता. पनवेलच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात अकरावीच्या मुलींचे आता काही काम उरले नव्हते. परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि मधल्या दिवसांत ज्यांची लग्ने ठरायची होती त्यांची ठरत होती. खांबाला टेकून ती अर्जावरची तारीख पाहत राहिली. एक जून एकोणीसशे एक्केचाळीस. या दिवशी ती जन्मली नव्हती. तिच्या घरात कोणीच या दिवशी जन्मले नव्हते. कामोठ्याच्या शाळेतल्या बळीराम मास्तरांनी ही तारीख गावातल्या एकवीस पोरांच्या नावापुढे एकाच दौतीत टाक बुडवून लिहिली होती. गावच्या पोरी भरतीला जन्मतात नाही तर ओहोटीला, मिठाच्या हंगामात नाही तर भाताच्या लावणीत. सरकारला मात्र तारीख लागते. पण ही तारीख तिच्यापुढे लिहिलेलीसुद्धा नव्हती. ती मालूपुढे लिहिलेली होती, आणि ही मालू नव्हती. हिचे नाव भामा.

हे शाळेत कोणालाही ठाऊक नव्हते. एखादी गोष्ट लपवावी असे कोणी ठरवले असते तर ती केव्हाच फुटली असती. ही कोणी लपवलीच नव्हती. स्वातंत्र्य आले त्या वर्षीच्या जूनमध्ये थोरली मालू शाळेत गेली; भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, तापाने गेली. पुढच्या जूनला बळीराम मास्तर ओटीवर येऊन बसले. शाळेचा पट भरला नाही तर शाळा बंद होईल, असे वरून पत्र आले होते. मास्तर बापाला म्हणाले, "काशीरामा, पटावर मालूचं नाव आहे. नाव कापलं तर मला वरती उत्तर द्यावं लागेल. धाकटीला पाठव. नाव कशाला बदलायचं? पोरीचं नाव लग्नात बदलतंच की!" बापाला हे पटले. मिठागरावर पाळीचा माणूस आला नाही तर त्याचा भाऊ येऊन उभा राहतो, मुकादम हजेरी तीच धरतो. त्यात खोटे ते काय? साडेपाच वर्षांची भामा मालूचा परकर नेसून, मालूची पाटी घेऊन शाळेत गेली. मास्तरांनी हाक मारली, "मालू काशीराम." ती गप्प राहिली. मास्तरांनी छडीने तिच्या डोक्याला नुसते टोचले, "तूच गं ती." तेव्हा ती म्हणाली, "हजर."

माणूस आपल्या नावाला वळून पाहते. भामा अकरा वर्षे दुसरीच्या नावाला वळून पाहत आली होती, आणि हल्ली तर रस्त्यात कोणी भामा म्हणून हाक मारली की ती क्षणभर तशीच पुढे चालत राही. बाप चार वर्षांपूर्वी गेला, बळीराम मास्तर त्याच्याही आधी. उरली आई, सखूबाई. आणि आईचे काय, हा प्रश्न त्या खांबाशी उभी असताना तिच्या मनात प्रथम आला, व तिने तो झटकला. कारण त्याच्याही आधी तिच्या डोळ्यांपुढे ती जाहिरात होती.

ती जाहिरात शोधायला दोन पावसाळे लागले होते. शाळा सुटली की ती वाचनालयात जाई. तिथे बायकांच्या बाकावर ती आणि सफूरा, बाजारातल्या कापडवाल्या यूनुसशेठची मुलगी, अशा दोघीच असत. मुंबईची वर्तमानपत्रे एक दिवस शिळी येत, आणि बातम्या पुरुष आधी वाचून टाकीत. या दोघींच्या वाट्याला मागची पाने येत. मागच्या पानांवरच शिष्यवृत्त्या असतात. भामा त्या एका वहीत उतरून घेई. अमुक ज्ञातीच्या गरीब, होतकरू विद्यार्थ्यांस. तमुक ज्ञातीच्या, परंतु पुण्यात शिकणाऱ्यांस. वैद्यकी शिकणाऱ्या मुलग्यांस. प्रत्येक जातीत कोणी ना कोणी मेलेले होते आणि त्याच्या नावाने कोणी ना कोणी शिकत होते. मिठागरवाल्यांत मेलेल्यांची वाण नव्हती. पण त्यांच्या नावाने निधी ठेवावा असे कोणाजवळ काही उरत नसे. सफूरा म्हणायची, "आमच्या जमातीचा फंड आहे, पण मुलग्यांना. तुमच्यात मुलींना चालेल, तर फंडच नाही. आपण दोघींनी मिळून एक माणूस व्हायला पाहिजे होतं, मालू!" मग ती फणसाच्या गऱ्यासारखे गोड हसायची. माघात सफूराचा निकाह झाला. बाकावर भामा एकटीच बसू लागली. आणि त्या एकटेपणातच एके दिवशी तो चौकटीतला मजकूर तिला सापडला. कुलाबा जिल्ह्यातील एका मुलीस, जात कोणतीही असो, कॉलेजची चार वर्षांची फी, वसतिगृह, पुस्तके. शाळेच्या पूर्वपरीक्षेत पहिली असावी. अर्ज शाळेमार्फत. वय अठराच्या आत. ते तिने तीनदा वाचले होते. तिन्ही वेळा वयाची ओळ तिने स्वतःचे, खरे वय धरून वाचली. ही तिची चूक. कागदावरचे आपण आणि अंगातले आपण यांत अंतर आहे, हे तिला पाठ होते. पण आनंदात माणूस अंगातलेच वय मोजते.

वर्गशिक्षिका कमळाबाईंनी तिला खांबाशी गाठले. बाई उंच, करड्या, आणि मुलींच्या अश्रूंचा त्यांना मनस्वी कंटाळा.

"रडायचं असेल तर घरी. इथे काय झालं ते सांग."

तिने सांगितले. जन्मात प्रथमच, दुसऱ्या माणसाला, सगळे. शेवटी बाई म्हणाल्या, "मग चार वर्षं हजेरीला मी कोणाला हाका मारल्या?"

"मलाच, बाई."

"शहाणी आहेस." बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "ऐक. हे दुरुस्त होतं. मामलेदारांसमोर प्रतिज्ञालेख करायचा. थोरली अमुक साली वारली, ही धाकटी, हिचं नाव भामा, जन्म अमुक सालचा. आई आहे ना? तिचा अंगठा हवा. दुसरं कोणी चालणार नाही, जन्म तिनं दिलाय. मी मामलेदारांना चिठ्ठी देते. शनिवारी चारला टपाल निघतं, त्याच्या आत कागद ऑफिसात. मग तू भामा म्हणून अर्ज कर. तुझ्या जवळपासही कोणी नाही या जिल्ह्यात."

म्हणजे फक्त आईने एवढे म्हणायचे होते, की मालू वारली.

कामोठ्याची वाट खाजणाच्या बांधावरून जाते. दोन्ही बाजूंना मिठाच्या कोंड्या, त्यांत आटत चाललेले पाणी, आणि पाण्याच्या कडेला पांढरी साय. चार कोस येऊन-जाऊन रोजची ही वाट तिने मालू म्हणून सुरू केलेली असे आणि भामा म्हणून संपवलेली. नेमकी कोठे, ते तिला सांगता आले नसते. उंबरठ्यावर मात्र ती भामा असे. आणि उंबरठ्यावरच, पहिल्या दिवसापासून, ते सुरू झाले होते. ती पहिल्यांदा शाळेतून आली तेव्हा आई सुपात सुका जवळा निवडत बसली होती. भाद्रपदापासून आई कोणाशी बोलत नव्हती. तिने मान वर न करता विचारले, "मालू काय शिकली?" पाच वर्षांच्या भामाला तो खेळ वाटला. ती म्हणाली, "मालू ग म भ न शिकली." आई हसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा हसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो प्रश्न आला आणि रोज त्याला उत्तर गेले. मालू पाढे शिकली. मालू कविता शिकली. मालू भूमितीत पहिली आली. आई ऐके, आणि म्हणे, "तिला सांग, दिव्याजवल बस. डोलं जातील." कोंडीतल्या खाऱ्याने भामाच्या टाचांना भेगा पडत, भामाला हिवताप येई, भामा मोठी झाली, त्याची विचारपूस दोन शब्दांत होई. निकालाच्या दिवशी आई बांधावर खाडीला नारळ वाहायची, तो मालूच्या नावाने. खोबऱ्याचा तुकडा भामाच्या हातावर ठेवून म्हणायची, "घे गो, तुजी भन पास झाली."

सखूबाई वेडी नव्हती. हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मिठागराच्या मुकादमाला ती टोपलीचा हिशेब चुकू देत नसे, आणि गावातल्या बायकांची भांडणे तिच्या ओटीवर तुटत. मालू कोठे पुरली ती जागा तिला माहीत होती. त्या बाजूला ती कधी शेण टाकू देत नसे. पण गावातली जागा गावात होती, आणि शाळा आधी गावाबाहेर व पुढे पनवेलीला होती. तिने शाळा आतून कधी पाहिली नाही. जिथे आपण जात नाही तिथे काहीही असू शकते. तिथे एक पोरगी होती, दर साल एक इयत्ता वर चढत होती, आणि तिची खबर घेऊन दुसरी रोज घरी येत होती. मायेला एवढी फट पुरते. तिथून ती अकरा वर्षे श्वास घेत होती, आणि ते भामाला कळत होते, कळूनही तिने रोज उत्तर दिले होते. कारण उत्तर दिले नाही तर आई कोणाकडे पाहून हसणार? तिच्याकडे पाहून हसली असती, असे तिला कधी वाटले नाही.

त्या संध्याकाळी आईने विचारले. भामा म्हणाली, "मालूला पुढं शिकायला मुंबईचे लोक पैसे देणारेत."

काठवटीतले आईचे हात थांबले. "मंबईला?"

"कालेजात. पण कचेरीत येऊन तुला अंगठा द्यावा लागंल. शनवारी."

"कनाला?"

सांगण्याची वेळ हीच होती. चुलीतला धूर दोघींच्या मध्ये होता, आईचा चेहरा नीट दिसत नव्हता. यापेक्षा सोपे कधी होणार नव्हते. "फीसाठी," भामा म्हणाली. आणि रात्रभर कुडाकडे तोंड करून तिने स्वतःला बजावले, की शनिवारी वाटेत सांगू.

शनिवारी आई ठेवणीतले निळे लुगडे नेसली. हंगाम ऐन भरात, एका दिवसाची मजुरी बुडणार. पण ती बांधाबांधाने बायकांना सांगत चालली होती.

"कुटं गो सखू, नटून?"

"मालूच्या कालेजाचा अंगठा द्याला."

कोंडीतली एक जण फावडे टेकून म्हणाली, "बालिस्टर करतंस का काय पोरीला? मग आमचा निवाडा तीच करल!" आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. त्यांना वाटले, आई भामाचेच बोलते आहे. गावाला केव्हापासून तसेच वाटत होते. फक्त त्या बांधावरच्या दोघींना ठाऊक होते की मालू म्हणजे कोण, आणि दोघींनाही ते वेगवेगळे ठाऊक होते. सुकापूरकडून येणाऱ्या बैलगाड्यांच्या घुंगरांनी रस्ता भरला, पनवेल आले, आणि भामाने वाटेत काही सांगितले नाही.

कचेरीत कमळाबाईंची चिठ्ठी पोचली होती. बाई स्वतः आल्या नव्हत्या. त्यांना पेपर तपासायचे होते. कागद लिहून तयार होता. मामलेदार टेबलामागे सह्या करीत होते. कारकुनाने आईला समोर उभे केले आणि भटजीने संकल्प सोडावा तशा एका सुरात वाचायला सुरुवात केली, "मी, सखूबाई भ्रतार काशीराम घरत, राहणार कामोठे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझी थोरली मुलगी नामे मालू ही सन एकोणीसशे सत्तेचाळीस, भाद्रपद मासी तापाने मयत झाली—"

"थांबा," आई म्हणाली. "कोन?"

"मालू. तुमची थोरली."

आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती. मोठ्या माणसाची चूक दाखवताना हसावे तशी. "नाय साहेब, चुकलं तुमचं. ती शालंत हाय. हितंच, पनवेलीला. अकरावीची परीक्शा दिली तिनं."

कारकुनाने मामलेदारांकडे पाहिले. "रावसाहेब, बाई नाकारते आहे. अंगठा कसा घेऊ?"

मामलेदारांनी मान वर केली. आधी निळ्या लुगड्याकडे, मग मुलीकडे त्यांनी पाहिले. ते रागावले नव्हते. "मुली, तू सांग. हे खरं आहे की नाही? खरं नसेल तर कागद फाडतो, आणि तुम्ही दोघी घरी जा. तुझ्यावर काही येणार नाही."

कागद फाडता येत होता. हे तिला कोणी सांगितले नव्हते. फाडला की संध्याकाळी पुन्हा सूप, पुन्हा तो प्रश्न. आणि तिला उत्तरे करता आली असती. कॉलेजात न जाताही करता आली असती. मालू मुंबईला गेली. मालू तिथे अमुक शिकली. अकरा वर्षांत हात बसला होता. आयुष्यभर ते चालले असते, आणि भामाने मिठागरावर टोपली उचलली असती, संध्याकाळी येऊन खबर दिली असती. तिने ते सगळे एका श्वासात पाहिले. कोंडीवर वाकलेली स्वतःची पाठ पाहिली. त्या पाठीला कोणी हाक मारत नव्हते. तिचा पहिला शब्द आवाजाविनाच गेला.

"मोठ्याने," मामलेदार म्हणाले.

"मालू वारली," ती म्हणाली, आणि मग साहेबांकडून तोंड फिरवून, "आय, मालू वारली."

आई हसायची थांबली नाही. हसू नुसते चेहऱ्यावर राहून गेले, ओहोटीनंतर चिखलात होडी राहते तसे. मग तिने विचारले, "कवा गो?"

"पेढे वाटले होते शाळेत, त्या साली. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी."

"तू बगलंस?"

"बघितलं. तू माझ्या तोंडावर पदर धरला होतास. तरी बघितलं."

आईने मान हलवली. दूरच्या गावाहून आलेल्या माणसाने खबर सांगावी, आणि ती खरी आहे याची खूण पटावी, तशी. मग तिने कारकुनाकडे न पाहता उजवा अंगठा पुढे केला. कारकुनाने त्याला शाई लावली. शाई लावताना त्याने तो अंगठा जपून धरला, हे भामाने पाहिले.

कचेरीबाहेर आई घराच्या वाटेला लागली नाही. ती सरळ पनवेलच्याच वडाळे तळ्यावर गेली. उन्हाळ्याने पाणी खाली गेले होते, आणि खालच्या पायऱ्या शेवाळाने काळ्या पडल्या होत्या. आई नेसत्या लुगड्यानिशी उतरली आणि पाण्यात शिरली. धुणे धुणाऱ्या बायकांनी तिच्याकडे पाहिले, हातातले पिळे थांबवले, आणि सरकून जागा दिली. नेसत्या वस्त्रानिशी भर दुपारी पाण्यात शिरणाऱ्या बाईला काय झाले ते विचारायचे नसते. आईने तीन बुड्या मारल्या. मग तिथूनच, कमरेइतक्या पाण्यातून, तिने भामाला म्हटले, "ये. तू पन न्हा. भन तुजी."

"आय, इतकी वर्सं झाली—"

"उशिरा कललं तं न्हाऊन मोकलं व्हायचं असतं. ये."

भामाने प्रतिज्ञालेख वरच्या पायरीवर ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि ती उतरली. पाणी वर कोमट होते आणि आत गार. आईने तिच्या मानेवर हात ठेवून तिला खाली दाबले. एकदा. दोनदा. पाण्याखाली, डोळे मिटलेले असताना, तिला एक सहा वर्षांची मुलगी दिसली, आता तिच्याहून धाकटी, परकर उलटा नेसलेली. आणि तिच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही, तिचा आवाजसुद्धा नाही, हे तिला समजले. अकरा वर्षे तिच्या नावाने बोलून. तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा मानेवरचा हात नव्हता. आई पायऱ्या चढून गेली होती. ओले लुगडे पायांत अडकत होते, तरी ती झपझप चालली होती, कामोठ्याच्या बाजूला. भामाने हाक मारली. आईने मागे पाहिले नाही. सुतकातल्या माणसाने पाहू नये, म्हणून असेल.

साडेतीन होऊन गेले होते. कागद अंगापासून हातभर दूर धरून भामा बाजारातून शाळेकडे निघाली. वेणीचे पाणी पाठीवरून टाचांपर्यंत येत होते, आणि तापलेल्या धुळीत तिच्या मागे ओल्या पावलांची रांग उठत होती व लगेच सुकत होती. दुकानदार मान वर करून पाहत, आणि सुतकाचे न्हाणे ओळखून मान खाली घालत.

खिडकीशी हेडक्लार्क टपालाच्या पिशवीचे तोंड बांधत होते. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिले आणि हात पिशवीवरच राहिला.

"अरे, अरे. कोण गेलं, पोरी?"

"थोरली बहीण."

"केव्हा?"

तिने कागद पुढे केला. ते वाचू लागले. सत्तेचाळीस या आकड्याशी येऊन थांबले, बोटांची पेरे मोजायला त्यांनी अंगठा उचलला, आणि मग तो तसाच खाली ठेवला.

"अगं, हिला तर बारा वर्षं होत आली," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो," भामा म्हणाली. "आम्हाला आज कळलं."

त्यांनी पिशवीची गाठ सोडली, नवा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला, आणि नावाच्या रिकाम्या ओळीवर बोट टेकवून ती हात कोरडे करीपर्यंत वाट पाहत राहिले.